'नव्या कृष्णवर्णीय संगीता'चे नाव कोणी बदलले?

आपल्या चळवळीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा विषय निघाला की ठरावीक नावे येतात. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, ब्लॅक पँथर आणि वाचणारा कार्यकर्ता असेल तर जेम्स बाल्डविन. संगीताचे नाव कोणी घेत नाही. जॅझ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पंचतारांकित हॉटेल, मंद दिवे आणि हातात ग्लास घेतलेली माणसे येतात. हे संगीत आपले नाही, ते 'त्यांचे' आहे, असा आपला समज आहे.

हा समज हवेतून आलेला नाही. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पुढे टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय पियानोवादकही तिथे वाजवून गेले. ऐकणारे होते गोरे साहेब, संस्थानिक आणि पैसेवाले. त्याच दशकात त्याच मुंबईत परळ-नायगावच्या चाळींत आंबेडकरी जलसे रात्ररात्र रंगत होते. एका शहरात शोषितांची दोन संगीते वाजत होती आणि त्यांची गाठ कधी पडली नाही. कारण एका संगीताच्या दारावर दरवान उभा होता.

पण दरवान उभा केला म्हणून घर दरवानाच्या मालकाचे होत नाही. जॅझ गुलामांच्या नातवंडांनी घडवले. ते आपल्यापर्यंत हॉटेलातून का आले, मोर्चातून का आले नाही, हा प्रश्न मालकीचा आहे. हा प्रश्न समजून घेण्यासाठी मी एकाच रेकॉर्डची गोष्ट सांगणार आहे. तिचे नाव 'द न्यू वेव्ह इन जॅझ', म्हणजे 'जॅझमधील नवी लाट'. इम्पल्स या अमेरिकन कंपनीने काढलेला हा आधुनिक जॅझ वादकांचा संकलित अल्बम आहे. त्याचे ध्वनिमुद्रण २८ मार्च १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाले. संगीताच्या इतिहासात त्याची नोंद 'महत्त्वाचा अल्बम' अशी होते. माझ्या मते ती आपल्या कार्यकर्त्यांनी शिकावी अशी एक राजकीय घटना आहे.

वाजवणारे कोण, छापणारे कोण?

आधी थोडा मागचा इतिहास पाहू. दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये गुलामांनी उठाव केला. त्यानंतर १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल वाजवायला बंदी आली, कारण ढोलाच्या आवाजावर माणसे एकत्र येतात हे मालकांना कळले होते. मग गुलामांनी स्वतःच्या मांड्या, छाती आणि तळहात यांनाच वाद्य केले. अंगावर थापा मारून ताल धरण्याच्या या प्रकाराला 'हँबोन' म्हणतात.

इथे आपल्या वाचकाने क्षणभर थांबावे. तिथे ढोल वाजवायला बंदी होती, आपल्याकडे डफडे वाजवायची सक्ती होती. गावगाड्यात हलगी आणि डफडे ही जातीने लादलेली कामे होती. सण त्यांचा, मिरवणूक त्यांची, वाजवणारा मात्र आपला, आणि तोही देवळाच्या पायरीबाहेर. बंदी आणि सक्ती या वरवर उलट्या गोष्टी वाटतात. परंतु दोन्हींचा अर्थ एकच होतो : तुझ्या हातातील ताल तुझ्या मालकीचा नाही.

गुलामगिरी संपली आणि रेकॉर्डचा जमाना आला. १९१७ मध्ये बाजारात आलेली पहिली जॅझ रेकॉर्ड कोणाची होती? ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड या गोऱ्या वादकांच्या बँडची. संगीत कृष्णवर्णीयांचे आणि पहिला ठसा गोऱ्यांचा. १९२० मध्ये मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची रेकॉर्ड तुफान खपली, तेव्हा कंपन्यांना कळले की हा समाज गरीब असला तरी रेकॉर्ड विकत घेतो. मग त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळी मालिका काढली आणि तिला नाव दिले 'रेस रेकॉर्ड्स'. गावाबाहेर वस्ती असते तशी कॅटलॉगबाहेर वस्ती.

त्यावर उत्तर म्हणून १९२१ मध्ये हॅरी पेस यांनी ब्लॅक स्वान ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची रेकॉर्ड कंपनी काढली. तिच्या संचालक मंडळावर डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस होते. हे नाव आपल्याला परके नाही. १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडला जात असल्याचे कळल्यावर बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून त्या निवेदनाची प्रत मागितली, ते हेच डु बॉइस. हार्वर्डची पीएच.डी. मिळवलेल्या या समाजशास्त्रज्ञाने रेकॉर्ड कंपनीच्या संचालकपदाला होकार का दिला असेल? कारण समाजाचा आवाज कोणाच्या तिजोरीत राहतो हा मनोरंजनाचा विषय नाही, हे त्यांना कळत होते. ब्लॅक स्वान फार काळ टिकली नाही. १९२४ मध्ये ती पॅरामाउंट या गोऱ्यांच्या कंपनीकडे गेली.

पुढची चाळीस वर्षे साधारण अशीच गेली. न्यूयॉर्कमध्ये दारू विकणाऱ्या क्लबात वाजवायचे तर पोलिसांकडून 'कॅबरे कार्ड' घ्यावे लागे. पोलिसांनी ते काढून घेतले की वादकाची रोजीरोटी गेली. थेलोनियस माँक यांच्यासारख्या थोर पियानोवादकाला १९५१ ते १९५७ अशी सहा वर्षे शहरातील क्लबांमध्ये नियमित काम करता आले नाही. बिली हॉलिडे यांचे कार्डही असेच गेले होते. ही पद्धत १९६७ पर्यंत चालू होती.

शब्दांचेही तसेच. १९५७ मध्ये आर्कान्सा राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनी लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरू देऊ नये म्हणून सशस्त्र जवान उभे केले. चार्ल्स मिंगस यांनी या गव्हर्नरची टर उडवणारी रचना केली. १९५९ मध्ये कोलंबिया या मोठ्या कंपनीने ती काढली, पण शब्दांशिवाय, फक्त वाद्यांवर. शब्दांसह ती १९६० मध्ये कँडिड या छोट्या कंपनीकडून आली. मोठ्या कंपनीला तुमची चाल हवी असते. तुमचे म्हणणे हवेच असते असे नाही.

१९६५ चा तो दिवस

२१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. कवी, नाटककार आणि संगीत समीक्षक लेरॉय जोन्स तेव्हा शहराच्या खालच्या भागात, बहुतांशी गोऱ्या कलावंतांच्या सहवासात राहत होते. पुढे त्यांनी अमिरी बराका हे नाव घेतले. या हत्येनंतर ते हार्लेममध्ये आले आणि सहकाऱ्यांसह पश्चिम १३० व्या रस्त्यावर 'ब्लॅक आर्ट्स रेपर्टरी थिएटर/स्कूल' उभे केले. कृष्णवर्णीयांनी, कृष्णवर्णीयांसाठी, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत चालवलेली ही कलाशाळा होती. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, तिथून ही जागा चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे.

शाळेला पैसे हवे होते. म्हणून २८ मार्चला ग्रीनविच व्हिलेज भागातील 'व्हिलेज गेट' क्लबमध्ये निधीसाठी मैफल ठेवली. त्या मैफलीचे नाव होते 'न्यू ब्लॅक म्युझिक', म्हणजे नवे कृष्णवर्णीय संगीत. जॉन कोल्ट्रेन वाजवायला आले. ते तेव्हा इम्पल्स कंपनीचे सर्वांत मोठे कलावंत होते. वय ३८, कीर्ती शिखरावर. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवून चार मुलींना मारले, त्यानंतर १९६३ मध्येच त्यांनी 'अलाबामा' ही रचना ध्वनिमुद्रित केली होती. त्यांच्यासोबत होते आर्ची शेप, अल्बर्ट आयलर, ट्रॉम्बोनवादक ग्रॅचन माँकर आणि २३ वर्षांचे ट्रम्पेटवादक चार्ल्स टॉलिव्हर. कोल्ट्रेन सोडले तर बाकीचे तिशीच्या आतले. शेप यांनी याच महिन्यात माल्कम एक्स यांच्या स्मरणार्थ एक रचना ध्वनिमुद्रित केली होती.

इम्पल्सचे निर्माते बॉब थील यांनी ही मैफल ध्वनिमुद्रित करून घेतली आणि पाच गटांची प्रत्येकी एक रचना घेऊन अल्बम काढला. कोल्ट्रेन यांनी 'नेचर बॉय' हे नॅट किंग कोल यांच्यामुळे घराघरांत पोहोचलेले गोड गाणे घेतले आणि ओळखू येणार नाही इतके उलगडले. टॉलिव्हर यांनी माँक यांची 'ब्रिलियंट कॉर्नर्स' ही रचना वाजवली. ज्यांचे कार्ड काढून घेतले होते तेच माँक. शेप यांच्या रचनेचे नाव होते 'हँबोन'. ढोल हिसकावल्यावर अंगावर मारलेल्या थापांचे तेच नाव. आयलर यांची 'होली घोस्ट' ऐकताना पहिल्यांदा तर हा निव्वळ आरडाओरडा आहे असे वाटते. नीट ऐकले की चर्चमधील सामूहिक प्रार्थना आणि अंत्ययात्रेचा बँड दोन्ही त्यात सापडतात.

हा अल्बम कानाला सुखावत नाही. माल्कम एक्स यांची हत्या होऊन अवघे पाच आठवडे झाले होते. ज्या संगीताला पोलिसी कार्ड, वेगळा कॅटलॉग आणि गाळलेले शब्द यांतून वाट काढावी लागली, त्याने गोड का वाटावे? आपल्याकडे दलित साहित्य आले तेव्हा प्रस्थापित समीक्षकांनी 'भाषा शिवराळ आहे, सौंदर्य नाही' असेच म्हटले होते. सौंदर्याचा निकष ज्यांच्या सुखातून तयार होतो, त्यांना दुःखाचा आवाज बेसूर वाटणारच.

बराकांनी या प्रश्नावर आधीच लिहिले होते. १९६३ च्या 'ब्लूज पीपल' या पुस्तकात त्यांनी कृष्णवर्णीयांचे संगीत हा त्यांच्या सामाजिक इतिहासाचा पुरावा म्हणून वाचला. त्याच वर्षीच्या एका लेखात त्यांनी दाखवले की जॅझवर लिहिणारे बहुतेक गोरे आहेत आणि ज्या जगण्यातून संगीत येते ते बाजूला ठेवून ते फक्त स्वर मोजतात. म्हणून या अल्बमच्या वेष्टनावरील टिपण बराकांनी लिहिणे ही साधी बाब नव्हती. वाजवणारे आपले आणि अर्थ सांगणारेही आपले, असे इथे घडले.

नाव बदलले म्हणजे काय बदलले?

आता या लेखाच्या मूळ मुद्द्याकडे येतो. मैफलीचे नाव होते 'नवे कृष्णवर्णीय संगीत'. रेकॉर्डवर छापले गेले 'जॅझमधील नवी लाट'. 'जॅझची नवी लाट इम्पल्सवर' ही त्या कंपनीची जाहिरातीची ओळ होती. कार्यकर्त्यांनी ठेवलेले नाव गेले आणि कंपनीच्या जाहिरातीचे नाव आले. बराकांचा अग्रलेख आत राहिला, पण दुकानात लांबून दिसणाऱ्या शब्दांतून 'ब्लॅक' हा शब्द गेला.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? आपल्या वाचकाला याचे उत्तर शिकवायची गरज नाही. १९३८ मध्ये 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याच्या मुद्द्यावर बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य मुंबई विधानसभेतून बाहेर पडले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळली, माणसे मारली गेली. नावात काही नसते तर हे झाले नसते. 'हरिजन' नाकारून 'दलित' म्हणणे आणि 'निग्रो' नाकारून 'ब्लॅक' म्हणणे यामागे एकच भूमिका आहे : आमचे नाव आम्ही ठेवू.

'जॅझमधील नवी लाट' म्हटले की ती संगीतशैलीतील फॅशन होते. आज ही लाट, उद्या दुसरी. 'नवे कृष्णवर्णीय संगीत' म्हटले की त्यामागे समाज येतो, त्याचा इतिहास येतो आणि माल्कम एक्स यांचे रक्तही येते. पहिले नाव ग्राहकाला हाक मारते, दुसरे समाजाला. आज भीमगीतांचे काय होते ते पाहा. कधी त्यांना 'लोकसंगीत' म्हणतात, कधी 'भक्तिगीते'च्या रांगेत बसवतात. बाबासाहेबांवरील गाणे भक्तिगीत ठरवले की त्यातील समतेचा कार्यक्रम संपतो आणि फक्त आरती उरते. हे वर्गीकरण करणारा माणूस आपला नसतो आणि आपण त्याला विचारतही नाही.

ज्यांना अल्बममध्ये जागा मिळाली नाही

त्या मैफलीत आणखी दोन मोठी माणसे होती. एक सन रा आणि त्यांचा वाद्यवृंद, दुसऱ्या गायिका बेटी कार्टर. दोघांचेही संगीत अल्बममध्ये नाही. एका तबकडीत जागा मोजकी असते हे मान्य. परंतु निवड झाली की इतिहास निवडीप्रमाणे लिहिला जातो. अल्बम पाहणाऱ्याला वाटते की ही चळवळ पुरुषांचीच होती. मंचावर बाई होती, तबकडीवर नाही.

आपण आपले घर तपासावे. भीमगीतांचा इतिहास म्हटल्यावर भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही नावे येतात आणि ती यायलाच हवीत. पण वस्तीवस्तीत, विहाराच्या ओट्यावर, जात्यावर आणि लग्नात ज्या बायांनी भीमाची ओवी आणि गाणी गाऊन बाबासाहेब पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवले, त्यांची नावे कोणत्या यादीत आहेत? कडुबाई खरात एकतारीवर गातात हे महाराष्ट्राला मोबाईलच्या पडद्यावर कळले, आपल्या संघटनांच्या व्यासपीठावरून नाही. प्रस्थापितांनी आपल्याला यादीतून वगळले म्हणून आपण रागावतो. तोच राग आपल्या यादीतील गाळलेल्या नावांसाठीही असायला हवा.

वगळले गेलेले हे दोघे मात्र कोणाच्या निवडीवर अवलंबून नव्हते. सन रा यांची एल सॅटर्न ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी १९५० च्या दशकापासूनच चालू होती. बेटी कार्टर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'बेट-कार' हे स्वतःचे लेबल काढले आणि स्वतःच्या रेकॉर्ड स्वतः विकल्या. अल्बममधील गटप्रमुखांत सर्वांत तरुण असलेले चार्ल्स टॉलिव्हर यांनी १९७१ मध्ये पियानोवादक स्टॅन्ली काउएल यांच्यासोबत 'स्ट्राटा-ईस्ट' काढली. तिथे ध्वनिमुद्रण कलावंताच्या मालकीचे राहत असे. कंपनी ते छापायला आणि विकायला मदत करी. गिल स्कॉट-हेरॉन यांचा 'विंटर इन अमेरिका' हा गाजलेला अल्बम १९७४ मध्ये याच लेबलवर आला. म्हणजे त्या मैफलीतील किमान तिघे एकाच निष्कर्षावर उभे होते : दुसऱ्याच्या संकलनात मानाची जागा मिळणे ही सुरुवात असू शकते, मुक्काम नाही.

शाळेचे पुढे काय झाले?

निधी ज्या शाळेसाठी गोळा केला तिची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात या शाळेने हार्लेमच्या रस्त्यांवर, ट्रकवर, मोकळ्या जागांत नाटके, कविता आणि संगीत नेले. जे संगीत क्लबात तिकीट काढून ऐकावे लागे ते लोकांच्या दारात गेले. आपल्या जलशांनी हेच तीस वर्षे आधी केले होते. पण हार्लेममधील कामाचा मोठा पैसा सरकारी गरिबी निर्मूलन कार्यक्रमातून येत होता. शाळेची भाषा जहाल आहे आणि तिथे गोऱ्यांना प्रवेश नाही, यावर ओरड झाली आणि तो पैसा थांबला. आतले मतभेदही टोकाला गेले. वर्ष संपता संपता बराका हार्लेम सोडून आपल्या नेवार्क शहरी परतले आणि शाळा मोडली.

मी समाजकार्यात आहे, त्यामुळे हा भाग मला फार ओळखीचा वाटतो. अनुदानावर चालणारे काम अनुदान देणाऱ्याच्या सहनशक्तीइतकेच टिकते. वस्तीतील अभ्यासिका असो की कलापथक, पहिल्या वर्षी प्रकल्प असतो, दुसऱ्या वर्षी अहवाल असतो, तिसऱ्या वर्षी 'प्राधान्यक्रम बदलले' असे पत्र येते. सरकारी पैसा घेऊ नये असे मी म्हणत नाही, तो आपल्याच कराचा पैसा आहे. पण संस्थेचा कणा त्यावर उभा करू नये.

याच्या उलट उदाहरण त्याच वर्षीचे आहे. मे १९६५ मध्ये शिकागोत मुहाल रिचर्ड अब्राम्स आणि त्यांच्या सहकारी वादकांनी 'सर्जनशील संगीतकारांच्या प्रगतीसाठी संघटना' स्थापन केली. तिचे नियम साधे होते. सभासदांनी वर्गणी द्यायची, मैफली स्वतः भरवायच्या, रचना स्वतःच्याच वाजवायच्या आणि वस्तीतील मुलांना संगीत फुकट शिकवायचे. या संघटनेत घोषणा कमी आणि बैठका जास्त होत्या. ती आजही चालू आहे. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या सूत्रात मधला शब्द का आहे, ते या दोन संस्थांच्या तुलनेतून कळते.

बहिष्काराच्या मुद्द्यावरही स्पष्ट बोलले पाहिजे. नेतृत्व आणि मालकी शोषितांच्या हाती असावी, हे बाबासाहेबांनी आयुष्यभर सांगितले. परंतु महाडच्या सत्याग्रहात सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर सहस्रबुद्धे होते. मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. जन्मावरून माणसाला दार बंद करणे हे आपले तत्त्वज्ञान नाही, कारण तेच तर मनुस्मृतीचे तत्त्वज्ञान आहे. दार उघडे ठेवावे आणि किल्ली आपल्याकडे ठेवावी. हार्लेमच्या शाळेचे पहिले वाक्य चुकले असे मला वाटते, दुसरे बरोबर होते.

तिजोरीत कोणाचा आवाज?

इम्पल्स ही एबीसी-पॅरामाउंटची शाखा होती. १९७९ मध्ये एबीसीचा रेकॉर्ड व्यवसाय एमसीएकडे गेला आणि पुढे सारे युनिव्हर्सल या बहुराष्ट्रीय समूहात सामील झाले. हार्लेमच्या शाळेसाठी झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण आज एका जागतिक कंपनीची मालमत्ता आहे. ज्या शाळेसाठी वाजवले ती एका वर्षात संपली. कंपन्यांची नावे बदलत गेली, पण तबकडी विकली जात राहिली. कंपनीने ध्वनिमुद्रण केले नसते तर त्या दिवसाचा आवाजच उरला नसता, हेही खरे आहे. आपल्याकडे साधने नव्हती म्हणून इतिहास दुसऱ्याच्या कपाटात जपला गेला, असा हा दुहेरी अनुभव आहे.

आता आपल्या कपाटाकडे वळू. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर कॅसेटचे ढीग लागायचे ते दिवस अनेकांना आठवत असतील. त्यानंतर सीडी आल्या, मग मोबाईलची मेमरी कार्डे आणि आता यूट्यूब. गाणे लाखो लोक ऐकतात आणि खाली कवीचे नावही नसते. चॅनेल तिसऱ्याचे, जाहिरातीचे पैसे चौथ्याचे, गायकाची म्हातारी बायको भाड्याच्या खोलीत. हे बदलायचे तर कायदा माहीत हवा.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कवीच्या शब्दांवरील हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादांचे निधन २००४ मध्ये झाले, म्हणजे हक्क विकला नसेल तर त्यांच्या गीतांवरील वारसांचा हक्क २०६४ च्या अखेरीपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे असतो आणि तो साधारणपणे निर्मात्याचा असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही लागते, तोंडी 'दिले' चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या रॉयल्टीतील कवीचा आणि संगीतकाराचा वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. किती शाहिरांच्या घरी हे कोणी जाऊन सांगितले आहे?

म्हणून माझे म्हणणे तीन कामांपुरते आहे आणि ती करायला अनुदान लागत नाही.

पहिले काम नोंदीचे. प्रत्येक तालुक्यातील जुन्या जलसाकारांची, गायकांची आणि गायिकांची यादी करा. गाणे कोणाचे, चाल कोणाची, कोणत्या वर्षी, कुठे गायले, ढोलकीवर कोण, कोरसमध्ये कोण, हे लिहून घ्या. हयात असलेल्यांचे आवाज मोबाईलवर का होईना ध्वनिमुद्रित करा आणि किमान तीन ठिकाणी प्रती ठेवा. इम्पल्सच्या त्या अल्बमवर प्रत्येक रचनेतील प्रत्येक वादकाचे नाव आहे. कंपनीला जमले ते आपल्याला जमू नये?

दुसरे काम कराराचे. प्रत्येक भीमजयंती समितीने आणि प्रत्येक चॅनेल चालवणाऱ्या तरुणाने कलावंताशी एका पानाचा लेखी करार करावा. त्यात मानधन, श्रेय आणि मुदत लिहावी. बाबासाहेबांनी संविधान लिहिले आणि आपण आपापसात तोंडी व्यवहार करतो, हे शोभत नाही.

तिसरे काम नावाचे. आपल्या संगीताचे वर्गीकरण, संकलन आणि समीक्षा आपण करावी. संकलनाला नाव आपण द्यावे आणि त्यातून कोण वगळले जाते याचा जाबही आपणच एकमेकांना विचारावा.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपण अमेरिकेकडून नाव घेतले, बाणा घेतला, कवितेतील आग घेतली. त्यांच्या वादकांनी मालकीच्या प्रश्नावर जे शिकून घेतले ते मात्र आपण घ्यायचे राहिले. ते आता घेऊ. वाचकांनी 'होली घोस्ट' एकदा जरूर ऐकावे. पहिल्या मिनिटात बंद करावेसे वाटेल, पण करू नका. आणि ऐकून झाल्यावर आपल्या गल्लीतील त्या आजीकडे जा, जिला भीमाच्या पन्नास ओव्या पाठ आहेत आणि जिला आजवर कोणी तिचे पूर्ण नाव विचारलेले नाही.

जय भीम!